वाटणी आणि चांदणी

मी डिस्क पार्टिशन करणाऱ्या टूल्सचं टेस्टिंग करतो. यातलं 'पार्टिशन' तेवढंच आमच्या आईला ऐकू येतं. परवा फोनवर सहकाऱ्याला म्हणालो, "चार प्रायमरी झाले, आता पाचवा मागतायत," तर देवघरातून आवाज आला, "पाचवा कोण? तुझ्या आजोबांना मुलगे चारच!"

तिचा हिशेब बरोबर होता. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइट्सपैकी वाटणीपत्राला मिळतात 64. एकेका वाटेकऱ्याला 16, म्हणजे चौघेच. पाचवा उगवला तर चौघांपैकी एकाचं घर 'एक्स्टेंडेड' करायचं आणि त्याला तिथल्या पोटमाळ्यावर चढवायचा.

वाटणी मी करत नाही. एफडिस्क नावाच्या टूलची नवी आवृत्ती जुनीसारखीच बोलते का, तेवढं बघतो. दहा एमबीची फाईल घ्यायची, तिलाच डिस्क म्हणायचं (बाहुला-बाहुलीचं लग्न, खऱ्या डिस्कवर हा खेळ माणूस आयुष्यात एकदाच खेळतो), 'एन', 'पी', 'डब्ल्यू' अशी अक्षरं भरवायची आणि छापून आलेलं जुन्या आउटपुटशी डिफने ताडायचं. डिस्कचा आयडेंटिफायर दर वेळी नवा निघतो, तो आधी सेडने पुसायचा. एक स्पेस जरी सरकली तरी टेस्ट नापास. एका स्पेससाठी एवढा थयथयाट कशाला, असं मलाही वाटायचं. मग चांदणी भेटली.

बूट होणाऱ्या पार्टिशनच्या नावापुढे एफडिस्क एक चांदणी काढतो, थोरल्या सुनेच्या कपाळावर टिकली असावी तशी. बाकीच्यांची ती जागा मोकळी. आता कुण्या भल्या माणसाने ही यादी वाचणाऱ्या आपल्या स्क्रिप्टमध्ये ऑकला सांगून ठेवलेलं, की दुसरा रकाना म्हणजे पार्टिशनची सुरुवात. टिकली नसेल तर 2048 मिळायचे. असेल तर मिळायची खुद्द टिकली! आणि शेलमध्ये अवतरणाबाहेरच्या चांदणीचा अर्थ 'या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली'. एका रिपोर्टात 'सुरुवातीचा सेक्टर' म्हणून पगारपत्रक, सहलीचे फोटो आणि 'नवीन_फायनल_2' अशी यादी निघाली होती.

मी त्या भल्या माणसाला नम्रपणे सुचवलं, "एफडिस्कची ही यादी माणसांनी वाचायची असते. स्क्रिप्टसाठी एसएफडिस्कचा डंप आहे, जेसनसुद्धा आहे."

"स्क्रिप्ट जुनी आहे," उत्तर आलं. "तुम्ही चांदणी काढून टाका."

काढली असती, तर ती चांदणी आहे असं धरून चालणाऱ्या दुसऱ्या स्क्रिप्टा रडल्या असत्या. एकाच्या घरची कुरकुर दुसऱ्याच्या घरची रीत असते, आणि दोघांच्याही तक्रारी माझ्याच टेबलावर. तेव्हा चांदणी जिथल्या तिथे राहिली.

रात्री आईने पुन्हा विषय काढला. "त्या पाचव्याचं काय केलंस?"

"पोटमाळा दिला."

"आणि सहावा आला तर?"

"पाचव्याकडे सहाव्याचा पत्ता असतो. त्याच्याच घरातून पुढे जायचं."

आईने जपमाळ खाली ठेवली. "स्वयंपाकघरातून का?"