खाडा, दागिना आणि बाटली

सुरतच्या उधन्यात आजारी पडायचं तर आधी पाळी बघून पडावं. लूमखात्यात बारा तासांची पाळी आणि पगार मीटरवर. दिवसपाळीवाल्याने ओपीडी गाठली की खाडा, रातपाळीवाल्याने गाठली की झोपेचं खोबरं.

सरकारी उपचार मोफत आहेत, याबद्दल वाद नाही. मजुरा गेटला नवं सिव्हिल आहे, सहारा दरवाज्याकडे महापालिकेचं स्मीमेर आहे. केसपेपरची रांग, डॉक्टरची रांग, रक्ताची रांग, रिपोर्ट उद्या. उद्या म्हणजे दुसरा खाडा, आणि सोबत आलेल्या भावाचा वेगळा. राष्ट्रीय नमुना पाहणीने 2017-18 मध्ये देशभराचा हिशेब मांडला: रुग्णालयात एकदा भरती व्हायचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारीत 4,452 रुपये, खासगीत 31,845. म्हणजे मोफत साधारण साडेचार हजारांना पडतं. बुडालेली मजुरी यात धरलेली नाही.

खासगीत रांग नसते, डिपॉझिट असतं. आधी पावती, मग नाडी. बायकोची पोत मोडायला सोनार जवळच असतो. तरी सिव्हिलच्या रांगेला नावं ठेवणाऱ्यांनी सप्टेंबर 1994 आठवावा. प्लेग आला, तेव्हा कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपं लागली, डॉक्टरमंडळींनी गाव सोडलं. रांग लावायला सिव्हिलच उघडं होतं.

यावर सरकारचं औषध म्हणजे कार्ड. गुजरातने 2023 मध्ये आयुष्मान कार्डावरच्या उपचारांची मर्यादा पाच लाखांवरून दहा लाखांवर नेली. आमचे आप्पा खूश झाले. मग कळलं की हे कार्ड रेशनकार्डावरून निघतं, आणि त्यांचं रेशनकार्ड अजून गावी, शिंदखेड्यालाच आहे. माणूस तापी लाइनने कधीचा उधन्याला उतरला, कार्ड मात्र गाडीत चढलंच नाही. ज्यांचं चढलं, त्यांचंही सगळं बरंच होतं असं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात आरोग्य शिबिर झालं, गावकऱ्यांना अहमदाबादच्या खासगी रुग्णालयात नेलं, सात जणांच्या हृदयात स्टेंट बसले आणि दोघे दगावले. गरज नसताना, योजनेच्या पैशांसाठी हे केलं, असा पोलिसांचा आरोप आहे. आप्पा तेव्हापासून शिंदखेड्याच्या कार्डाला नमस्कार करतात.

एका बाजूला खाडा, दुसऱ्या बाजूला दागिना. मधल्या बोळात बसतो तो आमचा बिनपदवीचा तारणहार. पाळी सुटल्यावर रात्री दहाला गेलं तरी शटर वर. तपासणी, इंजेक्शन आणि हातावर कागदात बांधलेल्या तीन रंगी गोळ्या, सगळं मिळून शंभराच्या आत. अंगात अगदीच त्राण नसेल तर खिळ्याला लटकवून सलाइनची बाटली. 'काय व्हयनं भो?' असं तो अहिराणीत विचारतो, निम्मा ताप तिथेच उतरतो. नियोजनवाले ज्याला सरकारी-खासगी भागीदारी म्हणतात ती हीच असावी: दर सरकारी, तत्परता खासगी. डॉक्टर तेवढा कोणाचाच नाही.

हा धंदा लपूनछपून चालतो म्हणावं, तर तसंही नाही. शेजारच्या पांडेसऱ्यात नोव्हेंबर 2024 मध्ये बोगस डॉक्टरांनी चक्क मल्टिस्पेशालिटी रुग्णालय थाटलं. निमंत्रणपत्रिकेवर पोलीस आयुक्त आणि मनपा आयुक्त, दोघांचीही नावं. दोघांनाही न विचारता. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सील. सरकारी खात्याने इतक्या तातडीने दखल घेतलेला दवाखाना माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पुढच्याच महिन्यात सुरत पोलिसांनी इलेक्ट्रो-होमिओपॅथीच्या बनावट पदव्यांचा कारखाना पकडला. भाव सुमारे सत्तर हजार, शिवाय नूतनीकरणाची फी वेगळी. आप्पांनी लगेच बोटांवर हिशेब केला: खासगीत सव्वादोन वेळा भरती व्हायच्या पैशांत माणूस स्वतःच डॉक्टर. धाड पडल्याचं वाईट त्यांनाच जास्त वाटलं, कारण हप्त्याने मिळेल का, हे विचारायचं राहून गेलं होतं.