बाकी खोलल्यावर कळेल

जुन्या मारुती ८०० चं इंजिन बांधायला काढलं, की मिस्त्री सांगतो त्या आकड्याला अंदाजपत्रक म्हणणं म्हणजे लग्नाच्या बैठकीत ठरलेल्या पानांच्या संख्येवर विसंबून जेवण सांगणं. "रिंग-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट किट, मजुरी. बाकी खोलल्यावर कळेल, साहेब."

इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. त्यात बिघडायला जागा ती किती? पण हेड लेथवाल्याकडे जातं आणि वाकलेलं निघतं. सिलिंडर झिजलाय, म्हणून बोअरिंग. बोअरिंग झालं, म्हणून पिस्टन ०.५० ओव्हरसाइझ. तुम्ही आधीच आणलेले स्टँडर्ड पिस्टन दुकानदार परत घेत नाही, कारण पाकीट फोडलंय. क्रँकवर चरे, तो ग्राइंडिंगला. मग 'एवढं खोललंच आहे तर' या सदराखाली क्लच प्लेट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट. हे सदर मिस्त्री उघडत नाही बरं का, मालकच उघडतो, तेही हौसेने.

हिशेब स्पार्क प्लगच्या खोक्याच्या मागच्या बाजूला लिहिलेला असतो, आणि ऑइलचा अंगठा नेमका बेरजेवर उमटलेला. बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या पुढे गेल्याचं तेवढ्यामुळे घरी कळत नाही. कंपनीने ही गाडी २०१४ मध्ये बंद केली. पंधरा वर्षं भरली की फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेतच. ते कुठल्याच खोक्यावर नसतं.

किल्ली देताना मिस्त्री बजावतो, "पहिले हजार किलोमीटर साठच्या वर नेऊ नका."

गेल्या दोन वर्षांत ती पन्नासला तरी कुठे पोचली होती!