गळ्यात पडलेली माती

रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की माणूस आधी तोंडाकडे पाहतो. अकोल्याच्या जठारपेठेतल्या पेंडंटवाल्या वहिनी गळ्याकडे पाहतात. गळा रिकामा दिसला की त्यांच्या कपाळाला एक आठी पडते आणि दुसऱ्या कुणाकडून घेतलेलं काही दिसलं तर दोन. त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ‘हे माझ्यावरच लिहिलंय’ म्हणत निदान चार घरच्या वहिनी भांडायला येतील. मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, साहेब रिटायर झाले, दुपार मोठी झाली, की आमच्याकडे कुणी भजनी मंडळ काढतं, कुणी माती मळतं.

वहिनींनी सुरुवात केली ती सासरच्या शेतातल्या मातीपासून. वऱ्हाडची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि वाळली की अशी आक्रसते की मे महिन्यात भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जावा. कपाशीला ते मानवतं, पेंडंटला मानवत नाही. वहिनींचा पहिला गणपती वाळता वाळता तीन ठिकाणी तडकला. तो ‘मॉडर्न आर्ट’ म्हणून त्यांनी नणंदेला देऊन टाकला. मग त्या कुंभाराकडे गेल्या. त्याने ढेकूळ बोटांत चुरून पाहिलं आणि म्हणाला, “हे माती कपाशीची हाये, बाई. तिले तिचं काम करू द्या.”

त्याने गाळाची माती दिली. तीत राख आणि गाढवाची लीद मिसळून दिली. लिदीतल्या बारीक काड्यांमुळे माती तडकत नाही, आतल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि भट्टीत त्या जळूनही जातात. शास्त्र पक्कं आहे. तरी वहिनींच्या कार्डावर फक्त ‘नैसर्गिक तंतूंनी समृद्ध’ एवढंच छापलेलं असतं. कुणी पेंडंट नाकाशी नेलंच, तर त्या घाईघाईने पहिल्या पावसाच्या सुगंधाचा विषय काढतात.

तेव्हापासून घरातलं कोणतंही भांडं पूर्वीच्या कामावर राहिलेलं नाही. पुरणयंत्रातून माती गाळली जाते. चकलीच्या सोऱ्यातून मण्यांसाठी दोरे पडतात. शंकरपाळ्यांच्या कातणीने कडा कातरतात, लवंगेच्या डोक्याने नक्षी उठवतात आणि दोरा ओवायचं भोक उदबत्तीच्या काडीने पाडतात. ते ओलं असतानाच पाडावं लागतं. शिवाय वाळताना आणि भाजताना माती आटते, भोकही आटतं, हे लक्षात ठेवून जरा ऐसपैस पाडावं लागतं. पहिल्या खेपेच्या पेंडंटमधून सुईसुद्धा जाईना. ती सगळी पेपरवेट म्हणून खपवली. साहेबांच्या टेबलावर आता कागद कमी आणि पेपरवेट जास्त आहेत. दिवाळीत चकलीला भट्टीतल्या मडक्याचा वास आला तेव्हा साहेब काहीच बोलले नाहीत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, गाळाची त्यांना सवय आहे.

खरी अडचण उष्णतेची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर गेला की वहिनींना उगाच उमेद वाटते. पण माती पक्की व्हायला ८००-९०० अंश तरी लागतात, आणि एवढा फरक अकोल्यालाही भरून काढता येत नाही. केकच्या ओव्हनची धाव अडीचशेपर्यंत. म्हणून साहेब पेंडंटं जुन्या धोतरात गुंडाळून स्कूटरवरून कुंभाराकडे नेतात. तो ती मडक्यात घालून आपल्या आव्यात ठेवतो. हवा नीट खेळली तर मातीतल्या लोखंडामुळे ती लाल होतात, धूर कोंडला तर काळी. लाल निघाली तर वहिनी तो माल ‘टेराकोटा’ म्हणून विकतात आणि काळी निघाली तर ‘ब्लॅक मेटॅलिक, लिमिटेड एडिशन’ म्हणून. मध्यंतरी भद्रावतीच्या ग्रामोदय संघातली चिनी मातीची चकचकीत भांडी पाहून आल्या आणि घरात विजेची भट्टी हवी म्हणाल्या. साहेबांनी मागच्या वर्षभराची विजेची बिलं त्यांच्यासमोर मांडली. एवढं एकच भांडण ते आजवर जिंकलेत.

माल तयार झाला की विक्री, म्हणजे आपण. किंमत २५० रुपये. “अडीचशात तं रांजण येते वं माय!” असं शेजारच्या आजींनी तोंडावर सांगितलं. वहिनींनी त्यांना मोहेंजोदडोतल्या मातीच्या बांगड्यांपासून तेरच्या संग्रहालयातल्या सातवाहनकालीन मृण्मूर्तींपर्यंत सगळा इतिहास ऐकवला. आजी शांतपणे म्हणाल्या, “त्याईनं पैसे देल्ले होते का?”

पण पैसे हे निमित्त. न घेणाऱ्याला वहिनी फुकट देतात, आणि फुकटाचं कर्ज विकतपेक्षा जड. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळणीच्या आशेने गेलेल्या बायका गळ्यात बैलजोडी घालून परतल्या. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग असतात, म्हणून नऊ पेंडंटं. आता जठारपेठेत बऱ्याच घरी दाराशी स्कूटरच्या किल्लीच्या खिळ्याला एक पेंडंट टांगलेलं असतं. वहिनींच्या गल्लीतून जायचं तर घालायचं, पुढच्या वळणावर काढायचं. एका हुशार बाईने ‘फुटलं हो!’ म्हणून सुटका करून घेतली. वहिनींना कोण आनंद झाला! दुसऱ्याच दिवशी दुप्पट जाडीचं घेऊन दारात हजर. ती बाई हल्ली सगळ्यांशी मान खाली घालून बोलते. लोक तिला विनयी समजतात.

पोळ्याच्या आधी वहिनींनी कुंभाराला बैलांच्या पाठीत भोकं पाडायला सांगितलं. त्याने साफ नकार दिला. “बैलाची पूजा करतेत, बाई. त्याले दोरीत ओवत नाईत.” मग वहिनींनी त्याच्या सुनेला शिकवलं. ती हल्ली तशीच पेंडंटं ६० रुपयांना विकते आणि तिचा माल संध्याकाळपर्यंत संपतो. वहिनींना याचं दुःख नाही. विद्यार्थिनीचं यश म्हणून त्यांनी क्लासच काढला. पहिल्या बॅचच्या बायका शिकून बाहेर पडल्या, दुसरी भरली. प्रत्येकीच्या घरी सोऱ्या मातीला लागला, प्रत्येकीचा माल निघू लागला. जठारपेठेतले गळे मात्र तेवढेच राहिले.

परवा सकाळी दूधवाल्याच्या म्हशीच्या गळ्यात ब्लॅक मेटॅलिक, लिमिटेड एडिशन दिसलं. विचारलं तर तो म्हणाला, “वहिनीकडे दुधाचे पैसे मांगाले गेल्तो जी. त्याईनं हे देल्लं.”