बावखलातल्या नव्या कुळास

श्री. शिसे यांस,
मु. बुजवलेले बावखल, आमची वाडी, वसई (पश्चिम)



आपण आमच्याकडे राहायला आलात त्याला दोन पावसाळे झाले. चौकशी करायची राहूनच गेली, माफी असावी. बावखलात पाणी होतं तोवर तिथे बेडूक आणि मासे तेवढे राहत. मग शेजारच्या बांधकामावरचा ठेकेदार म्हणाला, "काका, फुकटात भर टाकून देतो." रात्री डंपर आले. फुकटची भर बघायला मालकाने उठायचं नसतं, असा रिवाज आहे. मीही कूस बदलली.

सकाळी पाहिलं तर माती कमी आणि बाकीचंच जास्त. फुटक्या टाइल्स, जुन्या रंगाचे पापुद्रे धरून राहिलेला गिलावा, आणि मधोमध करड्या राखेचा ढीग. राखेत काडी घातली तर केसाएवढी तांब्याची तार चमकली. कुठल्यातरी भंगाराच्या गाळ्यामागे वायरी जाळून कोणीतरी तांबं काढलं होतं. तांबं किलोवर गेलं. वायरीच्या प्लास्टिकमध्ये मुरलेले आपण मागे राहिलात आणि आमचे पाहुणे झालात. रंगात तर आपली पूर्वापार वतनदारी. घरगुती रंगात आपण 90 पीपीएमच्या वर नसावं हा नियम लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधी रंगवलेल्या भिंती आता कुठे पाडायला निघाल्यात. पेट्रोलमधून आपल्याला 2000 साली काढलं, तेव्हा धुरातून आधीच उतरलेले आपण रस्त्याकडेच्या मातीतच राहिलात म्हणे.

ही वाडी आम्हाला कूळकायद्याने मिळाली. 1 एप्रिल 1957 ला जो कसत होता तो मालक झाला. आजोबा कसत होते. आपण ना कसता, ना खंड देता. नुसते वरच्या वीतभर मातीत बसून असता, पण असे बसता की माझे पणतू म्हातारे होतील तरी हलणार नाही. पाऊस आपल्याला फारसा खाली नेत नाही, ऊन जाळत नाही, जंतू खात नाहीत. तिकडे नालासोपाऱ्यात आचोळ्याच्या 41 अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. आयुष्याची पुंजी घालून राहिलेली माणसं रस्त्यावर आली. आपल्याला नोटीस बजावायची तरी ती चिकटवायची कशावर?

शिवाय आपण आहात हे सिद्ध कसं करू? 2015 पासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका देतं. तीत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, वगैरे. तांबंसुद्धा विचारतात, पण ते पिकाला कमी पडत नाही ना, एवढ्याच काळजीने. आपण तेरावे. (इंग्रजी पत्रिकेत सेंद्रिय कर्बाला 'ओसी' लिहितात. वसईत जिला ओसी, म्हणजे भोगवट्याचा दाखला, आहे अशी ही एकमेव वस्तू असावी.) सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त आपलं नाव लावून घ्यावं असं मनात आहे, फेरफाराला कागद कोणता जोडायचा ते कळवावं.

नात त्या ढिगावर भातुकली खेळायची. करड्या राखेचा भात, वर जास्वंदीच्या पाकळीचं लोणचं, आणि चव बघितल्याशिवाय वाढायचं नाही हा आजीचा नियम. पोरांच्या वाढत्या हाडांना आपण कॅल्शियमच वाटता म्हणे, ती आपल्याला आदराने आत घेतात. आपला किती अंश पोराला चालतो, असा सुरक्षित आकडा जागतिक आरोग्य संघटनेलाही सापडलेला नाही. ढिगावर आता मी पत्रा टाकलाय. उशिरा टाकला.

राहता राहिले आपले धाकटे बंधू, कॅडमियम. आपण निदान धूळ होऊन पानावर बसता. ते मुळातून चढतात आणि पानात घर करतात, त्यातही पालेभाजी लाडकी. श्रावणात आत्याने बावखलाच्या कडेचा अळू कापला. यंदा पानं सुपाएवढी आली होती. तिने एकेक पान दोनदा धुतलं, उन्हाकडे धरून मला दाखवलं, "बघ, मातीचा कण ठेवला नाही."

वड्या छान झाल्या. मी चार खाल्ल्या.

आपला,
(सातबाऱ्यापुरता) मालक