आत्ताच उडाला!

सिंहगडाच्या पायथ्याशी पहाटे पक्षी बघायला जाणाऱ्याने सर्वप्रथम एक जाणकार गाठावा. दुर्बीण नंतर घेतली तरी चालते. जाणकाराची खूण सोपी आहे. आपण धापा टाकत पोचतो तेव्हा तो झुडपाकडे बोट दाखवून म्हणतो, "आत्ताच उडाला. स्वर्गीय नर्तक. पांढरा नर, शेपटीच्या फिती हाऽऽ एवढ्या!"

तो नर दुसऱ्या कोणी पाहिलेला नसतो.

पोशाख मातकट असावा. आमच्या जाणकारांच्या जॅकेटला पुष्कळ खिसे आहेत आणि बहुतेकांत भडंग आहे. पुडी कुरकुरते, पक्षी उडतो, आणि ते आपल्याकडे रागाने बघतात.

दुर्बीण ८×४२ घ्यावी. म्हणजे ८ पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असतं. एवढं पाठ असलं की चारचौघांत निभावतं. पण पक्षी दिसल्यावर नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, हे कोणी सांगत नाही. गळ्यातला पट्टा सोडवायला खाली पाहिलंत की वर नुसती हलती फांदी उरते.

ऊन पाठीशी घ्यावं.

थंडीत एखादी नाचण दिसली तर पुढे पळू नये. छोटे पक्षी मिळून चरत हिंडतात. एकीमागोमाग आणखी चारपाच येतात. पाच मिनिटं गप्प उभं राहणं ही यातली सगळ्यात अवघड विद्या, आणि जाणकारांना ती अजून आलेली नाही.

मोबाइलवर पक्ष्याचीच हाक वाजवून त्याला फोटोसाठी बोलावणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. विणीच्या दिवसांत बिचारा नर, हद्दीत दुसरा घुसला समजून, सगळं टाकून भांडायला येतो. यात गंमत काही नाही. संताप येतो, आणि जाणकार अशा वेळी ज्या शिव्या देतात त्या मला फार आवडतात.

त्यांचा कान मात्र मानलाच पाहिजे. पावसाळ्यात, धुक्यात पुढचा माणूस दिसत नसताना, शाळा बुडवलेल्या पोरासारखी कोणीतरी रमतगमत शीळ घालतं. मी पोराला शोधत होतो. "शीळकरी कस्तूर," ते म्हणाले, आणि दिशासुद्धा बरोबर दाखवली.

यादी गडावर भजी खाताना करावी. कावळाही लिहावा. मडक्यातलं दही संपायच्या आत वर पोचायचं असेल, तर तांबटासाठी थांबू नये. तांबट कोथरूडातही दिसतो.