अपडेट सर

मराठवाड्यात 'सर' व्हायला शाळेत असावं लागत नाही. क्लासवाला सर, झेरॉक्सवाला सर, पतसंस्थेच्या वसुलीला येणारा पोरगाही सर. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या या गृहस्थांना 'अपडेट सर' कुणी केलं, हे विचारण्यात अर्थ नाही. असे एक सर गेवराईत असतात, केजला असतात. परळीला दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. कंपनीने काढलेलं नवं सॉफ्टवेअर फोनला आपोआप मिळण्याआधी केबल लावून हाताने घालणं, हा यांचा धर्म. धंदा नव्हे. पैशाचं नाव काढलं तर दुखावतात. चहा चालतो.

रस्त्यात "काय सर, बरंय ना?" म्हणालात तर दुसरा कुणी तब्येतीचं सांगेल. हे आधी तुमच्या हातातला फोन काढून घेतात, सेटिंगमध्ये जाऊन 'फोनबद्दल' उघडतात आणि डॉक्टर घशात बॅटरी मारून बघतात तसं आत बघत म्हणतात, "मार्चचा सिक्युरिटी पॅच! आन् चालूय काय? जुलै! असे कसे फिरायलात हो तुम्ही?" आपण बनियनवरच मोंढ्यात आलो की काय, असं वाटायला लागतं.

"येईल की सर आपोआप."

ही त्यांची दुखरी नस. "आलंय," ते आवाज खाली आणून म्हणतात. "आलंय, पण आपल्याकडं नाही आलं."

आता यात तथ्य आहे. कंपन्या नवं सॉफ्टवेअर सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. आधी थोड्या फोनांना देतात, काही बिघडलं नाही की मग पुढच्यांना. गूगल तर आपल्या पिक्सेल फोनांसाठी तीच अख्खी फाईल वेबसाइटवर उघडी ठेवतं, ज्याला घाई असेल त्याने उचलावी. हे बीडकराला पटवायला सरांकडे हुकमी दाखला आहे. नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी १९९५ ची. मार्ग २६१ किलोमीटरचा. २०२२ च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत आली, आणि बीडच्या स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. "याला म्हणायचं टप्प्याटप्प्यानं रोलआउट," सर सांगतात. "फरक येवढाच, रेल्वे डाउनलोड करून घरी रूळ टाकता येत नाहीत. फोनचं येतंय, तर कामून थांबायचं?"

त्यांना हॅकर म्हणू नका. एका चुलतभावाने चारचौघांत म्हटलं, तर सर त्याच्या साखरपुड्याला गेले नाहीत. फोन रूट करणं, कुठल्या तरी पोराने घरी शिजवलेलं रॉम टाकणं हे त्यांच्या लेखी बिनपरवान्याची दारू गाळण्यासारखं. सरांचं सगळं ऑफिशियल. फाईलवर कंपनीची डिजिटल सही असते, ती जुळली नाही तर फोन फाईल घेतच नाही. पूर्वी तलाठ्याच्या सहीशिवाय सातबारा चालत नसे, तसंच. शिवाय फोन कुठल्या देशातला, तेही बघावं लागतं. सॅमसंगच्या फोनांना देशागणिक तीन अक्षरांचा कोड असतो, भारताचा आयएनएस. सरांच्या भाषेत, "फोनचीबी पासिंग असतीय. आपली गाडी एमएच तेवीस, आपला फोन आयएनएस. दुबई पासिंगवाल्यानं उगं गर्दी करू नये." त्याच फोनांत फाईल घालायला सर जे ओडिन नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, ते मात्र कंपनी ग्राहकांना देत नाही, ते असंच कुठून कुठून फिरत येतं. हा विषय निघाला की सरांना कुणाचा तरी फोन येतो.

घरातला काळ सर याच हिशेबाने मोजतात. आमचे म्हातारे "बहात्तरच्या दुष्काळातला जन्म" म्हणायचे. सरांची मोठी मुलगी किटकॅटमधली, म्हणजे २०१३ ची, आणि धाकटा ओरिओमधला, २०१७ चा. अँड्रॉइडला अशी गोडधोडाची नावं द्यायची पद्धत गूगलने २०१९ ला बंद केली, नुसते आकडे उरले. त्यानंतर सरांना मूल झालं नाही, हा निव्वळ योगायोग असावा.

फाईल उतरवणं हा रात्रीचा कार्यक्रम. रोजचा कोटा दोन जीबीचा, फाईल सव्वादोनची. सर सव्वाअकराला गच्चीवर जातात, कारण रेंज तिथेच. पावणेबाराच्या सुमारास कोटा संपतो, डाउनलोड थांबवतात आणि बाराच्या ठोक्याची वाट बघत कठड्याला टेकतात. बारा वाजले की नवा दिवस, नवा कोटा. गल्लीत बाराला जागे असणारे तिघेच: गुरखा, कुत्रं आणि सर.

सकाळी पडताळणी. फाईल वाटेत खराब झाली नाही ना, हे ताडून बघायला कंपनी एक लांबलचक ओळ देते, एसएचए-२५६ म्हणतात तिला. चौसष्ट अक्षरं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. लॅपटॉपवर निघालेली ओळ आणि वेबसाइटवरची ओळ तंतोतंत जुळली पाहिजे. कॉम्प्युटर हे काम क्षणात करतो, सरांना ते माहीत आहे. पण मशीनचं मशीनने तपासायचं म्हणजे पोराने स्वतःचाच पेपर तपासण्यासारखं, असं त्यांचं मत. म्हणून वहिनी फोनवरून वाचतात आणि सर लॅपटॉपवर बोट ठेवतात.

"नऊ."

"नऊ."

"बी."

"बी का डी?"

बी, सी, डी, ई सगळी कानाला सारखीच. म्हणून वहिनींनी तोडगा काढलाय: ए आष्टीचा, बी बीडचा, सी चौसाळ्याचा, डी धारूरचा. ई आणि एफला आसपासचं गाव सुचलं नाही म्हणून ई ईव्हीएमचा आणि एफ फॅनचा. एकदा एक्कावन्नाव्या अक्षराला दूधवाल्याने हाक मारली आणि पुन्हा पहिल्या नवापासून सुरू करावं लागलं. "आमच्या लग्नात छत्तीस गुण बघितले," वहिनी मला म्हणाल्या, "आन् त्यातले अठरा जुळले तरी भागलं. ह्यांना चौसष्टचे चौसष्ट लागतात."

माझा फोन म्हणजे पुण्याच्या भाच्याने टाकून दिलेला पिक्सेल. एका रविवारी सरांनी तो धरला. आधी बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली. सात झाल्या की फोन कळवतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. आमच्याकडे सात पावलांत संसार मांडून देतात, तेव्हा सात टिचक्यांत डेव्हलपर होणं अवघड वाटू नये. मग केबल, मग रिकव्हरी. स्क्रीन काळा झाला आणि त्यावर अँड्रॉइडचा रोबो उताणा पडलेला, पोट उघडं, वर लाल त्रिकोण. खाली लिहिलेलं, नो कमांड.

"गेला?" मी विचारलं.

"आडवा झालाय. मेला नाही." सरांनी दोन बटणं अशी काही दाबली की यादी उघडली, आणि लॅपटॉपवर टक्के चढायला लागले. नऊ, सतरा, एकतीस. तोवर ओसरीवर पाच-सहा जण जमले होते. चाळीस. वीज गेली. सरांच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच वारलेली, तो नुसत्या इन्व्हर्टरवर तग धरून होता आणि इन्व्हर्टर कुंथायला लागला होता. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, फ्रिजची पिन काढा, असा हुकूम सुटला. पंचेचाळीस. शेहेचाळीस. सत्तेचाळीस.

सत्तेचाळीसला काटा थांबला तो थांबलाच.

एका आजींनी मीठ-मोहरी आणू का विचारलं. एका पोराने केबल हलवून बघतो म्हणताच सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पायरीवर जाऊन बसला. आणि मग सर चक्क हसले. त्यांनी मला स्क्रीनवरची शेवटची ओळ दाखवली: टोटल एक्सफर, १.०० एक्स. म्हणजे फाईल एकदा पूर्ण गेली. फोन ही फाईल किती वेळा मागून वाचणार, याचा लॅपटॉपचा अंदाज चुकतो, म्हणून त्याचा आकडा शंभरला पोचायच्या आत सत्तेचाळीसच्या आसपास थांबतो आणि काम मात्र झालेलं असतं. ज्याला हे माहीत नसतं तो घाबरून वायर उपटतो. सरांना पहिल्यापासून माहीत होतं. इन्व्हर्टरचा घोर खरा, पण सत्तेचाळीसचा नुसता आमच्यासाठी होता.

फोन सुरू झाला. सगळ्यांनी वाकून बघितलं.

"काय बदललं?" पायरीवरच्या पोराने विचारलं.

हा प्रश्न सरांना आवडत नाही. त्यांनी फोन उलटापालटा केला, वरची पट्टी खाली ओढली, परत वर सोडली. "आतून बदललंय," ते म्हणाले. पंधरा दिवसांनी समोरच्या जोशीकाकूंच्या तशाच फोनला तेच अपडेट रात्री झोपेत आपोआप आलं. त्यांना पत्ताही नव्हता. मी सरांना डिवचलं, आपण पंधरा दिवस आधी घेऊन मिळवलं काय? "पंधरा दिवस," सर म्हणाले.

चुका होतात. एकदा मेव्हण्याच्या फोनला फाईल लावताना 'होम' लिहिलेली सीएससी फाईल लावायची सोडून तिची सख्खी जुळी, नुसती सीएससी लावली. पहिलीने माणसाचं सामान जागेवर राहतं, दुसरीने घर धुऊन निघतं. मेव्हण्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो त्यात गेले. ओडिनवर हिरव्या चौकटीत पास लिहून आलं होतं, हे सर आजही नमूद करतात.

तरी माणूस वेडा नाही. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची खोट सापडली होती, तीत नुसत्या एका व्हिडिओ मेसेजने अँड्रॉइड फोनात शिरता येत होतं. त्या ऑगस्टपासून गूगलने महिन्याच्या महिन्याला सुरक्षेचे पॅच काढायला सुरुवात केली. सर महिना मोजतात तो तिथून. आता नव्या महागड्या फोनांना सात-सात वर्षं अपडेट मिळणार, तीही वापरता वापरता मागच्या मागे बसणार. ही बातमी मी सांगितली तेव्हा सरांनी चहा अर्धा ठेवला. पण आमच्याकडे तसले फोन आहेत किती? इथे सोळा जीबीचे फोन गुड मॉर्निंगच्या गुलाबांनी गच्च भरलेले. अपडेट येतं, जागा नाही म्हणतं आणि निघून जातं.

दिवाळी झाली की सरांच्या मूळ गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो, ट्रॅक्टर पारावर उभे असतात. सर त्या दोन दिवसांत रजा टाकून देवळात बसतात. मागच्या खेपेला मीही गेलो होतो. एका बाईंचा फोन हातात घेऊन सर म्हणाले, "आक्का, जागाच नाही. ह्यातलं काहीतरी काढावं लागंल."

बाईंनी गॅलरी उघडून दाखवली. सगळे व्हिडिओ एकाच पोराचे, आजीजवळ गावात ठेवून चाललेल्या. झोपलेलं, जेवताना, रडताना, नुसतंच भिंतीला टेकून बसलेलं.

"ह्यातलं काय काढू?" त्यांनी विचारलं.

सरांनी स्वतःच्या पाकिटातलं मेमरी कार्ड काढलं. रात्री गच्चीवरून आणलेली फाईल त्यात होती. कार्ड फोनात घातलं, रिकव्हरीतून लावलं. वीस मिनिटं लागली. एक व्हिडिओ हलला नाही. ट्रॅक्टरवाला हॉर्न द्यायला लागला होता.

"काय झालं बदल?" बाईंनी विचारलं.

सर माझ्याकडे बघायला लागले. मी देवाकडे बघितलं. तोवर बाईंनीच बटण दाबलं. बंद स्क्रीनवर पूर्वी वर कोपऱ्यात बारीक घड्याळ असायचं, ते आता दोन ओळींत, मधोमध, बोटाएवढ्या आकड्यांत आलं होतं.

"व्हय की," त्या म्हणाल्या, "घड्याळ मोठं झालं. पहाटं तीनला उठावं लागतंय. आता दिसंल." आणि फोन कनवटीला लावून ट्रॅक्टरकडे पळाल्या.