देहाची चाकरी

आमच्या घरात रात्री साडेदहाला सगळे दमतात आणि मग झोपायची तयारी सुरू होते. ती पाऊण तास चालते.

पहिला नंबर लेकीचा. ती आधी तेलानं तोंड धुते, मग ते तेल काढायला फेसवॉशनं धुते. त्यावर टोनर, त्यावर सीरम, सीरम मुरेपर्यंत पंख्याखाली उभं राहायचं, मग मॉइश्चरायझर. क्रम चुकवायचा नाही. दाट वस्तू आधी लागली की पातळ वस्तू आत शिरत नाही म्हणे. शिवाय रोज रात्री तेच चालत नाही. काही रात्री रेटिनॉलच्या, काही आम्लाच्या आणि उरलेल्या नुसत्या विश्रांतीच्या. विश्रांतीच्या रात्री त्वचा आधीच्या रात्रींतून सावरते. हे सगळं वेळापत्रक तिनं आरशाला चिकटवलंय. बारावीत असताना टेबलासमोर अभ्यासाचं लावलं होतं, त्यापेक्षा हे बरंच काटेकोर आहे आणि मुख्य म्हणजे पाळलं जातं.

ती बाहेर आली की नवरा आत. दातांच्या डॉक्टरांनी त्याला आधी दोरा, मग फटींत घालायचा बारका ब्रश, मग मोठा ब्रश असं लावून दिलंय. रोज दहा तास कॉम्प्युटरकडे बघून डोळे कोरडे पडलेत, त्यांत थेंब. नाकात कोमट तुपाचे दोन थेंब. हे झालं की तो पलंगावर आडवा होतो आणि बेंबीत तेल घालतो. बेंबीचं कोणत्याच डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. ते त्याच्या शाळेच्या ग्रुपवर आलं होतं.

माझी ड्यूटी ओट्यावर. बदाम भिजत घालायचे, मनुका वेगळ्या, मेथ्या वेगळ्या, अक्रोड वेगळे. सब्जा बरा की चिया यावर घरात एकमत नाही, म्हणून दोन्ही. प्रत्येकाची वाटी निराळी, कारण प्रत्येकाचं पाणी निराळं: मेथ्यांचं प्यायचं, बदामांचं फेकायचं. ओट्यावर रांगेनं मांडून झाकलेल्या त्या वाट्या बघून अवेळी आलेल्या माणसाला वाटावं, उद्या यांच्याकडे श्राद्ध आहे.

या सगळ्यातून सुटलेल्या एकट्या सासूबाई. कवळी काढून पेल्यात ठेवायची आणि कैलास जीवनची डबी उशाशी आहे ना, ते चाचपून बघायचं, की त्यांची तयारी संपली. भाजलं, कापलं, टाच भेगाळली, ओठ उलले, सगळ्याला तीच डबी. लेकीनं एकदा त्यांना आपल्या सीरमची किंमत सांगितली. त्यांनी ती बाटली उजेडात धरली, हलवून पाहिली आणि ''अगं, ही संपलीय'' म्हणून परत दिली. बाटली नवीकोरी, काठोकाठ भरलेली होती.

पूर्वी असलं काही नव्हतं, असं म्हणायची मला फार इच्छा आहे, पण आयुर्वेदातला वाग्भट आडवा येतो. 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायाचं नावच 'दिनचर्या' आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठा, दातवण करा, डोळ्यांत अंजन घाला. नस्य, गुळण्या, धूमपान, विडा. मग अंगाला तेल, त्यातही डोकं, कान आणि तळपायांना आठवणीनं. मग व्यायाम, मग उटणं, मग स्नान. या यादीपुढे लेकीचा आरसा किरकोळ वाटतो. पाणी कोण तापवणार, दातवण तोडून कोण आणणार, या बारीकसारीक गोष्टींत आचार्य शिरलेले दिसत नाहीत. पण व्यायाम आपल्या निम्म्या शक्तीनंच करावा, असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय आणि तेवढं एक कलम मी लग्नाआधीपासून निष्ठेनं पाळत आले आहे.

आणखी एक गंमत आहे. त्या अध्यायात अंगाचं सगळं सांगून झालं की पुढे वागण्याचं येतं. खोटं बोलू नका, चहाड्या करू नका, टोचून बोलू नका, किडामुंगीलाही आपल्यासारखंच माना. हीसुद्धा दिनचर्याच. आज आयुर्वेदाच्या नावानं जे व्हिडिओ फिरतात, त्यांत तांब्याचं भांडं असतं, तेल असतं, जीभ खरवडायची पट्टी असते. चहाडीचा उल्लेख मी अजून कुठे ऐकलेला नाही. साहजिकच आहे. चहाडी थांबवायला काही विकत घ्यावं लागत नाही.

तुमच्या-आमच्या घरांत ही दिनचर्या वर्षातून एकदाच यायची, नरक चतुर्दशीला. पहाटेच्या थंडीत कुडकुडत पाटावर बसायचं, कोणीतरी तेल चोळायचं आणि मग उटणं. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद यांची ती खरखरीत पूड अंगावरून फिरली की मेलेली त्वचा जायचीच, जिवंतही थोडी जायची. बाहेर येऊन पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं की नरकासुराचा आणि सौंदर्यप्रसाधनाचा वर्षभरापुरता निकाल लागला. पुढचे अकरा महिने कोणी विचारत नव्हतं.

तेव्हा नटणं हा नखरा होता, आणि नखऱ्याचा एक फायदा असतो: तो करायला नकार देता येतो. ''मला नाही बाई आवडत असलं काही,'' एवढं म्हटलं की बाई साधी आणि सुटका झाली. औषध मात्र घ्यावंच लागतं. ही सीमारेषा किती मोलाची होती, हे परळच्या पेंढारकरांच्या विको कंपनीला विचारा. त्यांची हळदीची क्रीम १९७५ मध्ये आली. ती सौंदर्यप्रसाधन आहे की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी वाद पेटला, कारण दोन्हींचा कर वेगळा. वर्षानुवर्षं चालून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषध म्हणणारी कंपनी जिंकली. आता असा खटला कोणी भरणार नाही, कारण आता सगळंच औषध झालंय. मॉइश्चरायझर लावायचं ते सुंदर दिसायला नव्हे, त्वचेचा 'बॅरिअर' सांभाळायला. केसांना तेल लावायचं ते टाळूच्या आरोग्यासाठी. नखऱ्याला नाही म्हणता येत होतं. आरोग्याला नाही म्हणणारी बाई निष्काळजी ठरते.

बरं, आज्ञा पाळायची ठरवली तरी कोणाची? माझ्या चेहऱ्यावरचे वांगाचे डाग बघून त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, ''सनस्क्रीन. दोन बोटं भरून, दर दोन तासांनी, घरात असलात तरी.'' गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, ''ड जीवनसत्त्व फार कमी आहे. उन्हात जात जा. कोवळ्या नव्हे, भर दुपारच्या.'' आपल्या सावळ्या कातडीला ते जीवनसत्त्व तयार करायला गोऱ्यांपेक्षा जास्त ऊन लागतं, हेही त्यांनी समजावलं. दोघांचे दवाखाने एकाच इमारतीत आहेत, एक पहिल्या मजल्यावर, एक तिसऱ्या. जिन्यात भेट होत नसावी. सध्या मी दुपारी गच्चीत चेहऱ्याला सनस्क्रीन फासून, छत्री घेऊन आणि पाय उन्हात सोडून बसते. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी आता खिडकीचा पडदा ओढून घ्यायला सुरुवात केली आहे.

पण खरा संग्राम जेवणाचा. टिळक आणि आगरकर यांच्यानंतर मराठी घरांची इतकी स्वच्छ फाळणी दीक्षित आणि दिवेकर यांनीच केली. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, खरी भूक लागेल तेव्हा, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, आणि तुपाला, भाताला, केळ्याला भिऊ नका. दोघांचेही अनुयायी लाखांत, दोघांचीही वजनं उतरलेली, दोन्हीकडे आधीचे आणि नंतरचे फोटो. मधल्यामध्ये यजमानांचे हाल. हळदीकुंकवाला डिश पुढे करण्यापूर्वी ''तुम्ही कुणाच्या?'' असं विचारावं लागतं. पूर्वी याच प्रश्नाचं उत्तर आडनाव आणि गाव असं असायचं. लग्नाच्या पंगतीत मी एका काकांना मनगटावरच्या घड्याळात गजर लावून बसलेलं पाहिलंय. मठ्ठ्याला उशीर झाला तेव्हा ते वाढप्यावर जे ओरडले, ते मुलीच्या वडिलांनाही कधी ओरडता आलं नसतं.

आमच्या घरी नवरा दीक्षित पंथाचा आणि मी दिवेकर पंथाची. म्हणजे त्याचा उपास चालू असताना मी त्याच्यासमोर दर दोन तासांनी काहीतरी खाते. कर्मधर्मसंयोगानं सासूबाईंनी त्याला लहानपणी एक घास बत्तीस वेळा चावायला शिकवलं होतं. तो नियम मोडवत नाही आणि ५५ मिनिटांचीही मर्यादा आहे, त्यामुळे दुसरी पोळी संपता संपता त्याचं जेवण कायद्यानं संपतं. वजन उतरलंय त्याचं. श्रेय कोणाला द्यायचं, यावर मायलेकांत मतभेद आहेत.

त्याच्या मनगटावरच्या घड्याळाविषयी स्वतंत्र लिहायला हवं. दिवसाला दहा हजार पावलं, हा त्याचा हुकूम. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेत सापडला असेल, असं मला वाटत होतं. तो जपानच्या बाजारात सापडला. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक झालं, चालण्याची हवा होती आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं पावलं मोजणारं एक यंत्र काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा आधी दुकानात आला, संशोधन मागून धापा टाकत आलं. तर नवऱ्याचे आकडे वर्षभर जेमतेम असतात, गणपतीत मात्र एकदम सुधारतात. दोन वेळच्या आरत्यांना तो जोरात टाळ्या वाजवतो आणि घड्याळ टाळीलाही पाऊल समजतं. मी एकदा कणीक मळताना ते हातात घालून पाहिलं. त्याला वाटलं, मी टेकडी चढतेय.

हेच घड्याळ रात्री झोप तपासतं. पूर्वी ''झोप लागली का?'' या प्रश्नाचं उत्तर झोपलेला माणूस देत असे. आता नवरा उठल्याबरोबर मनगट बघतो आणि म्हणतो, ''नाही लागली.''

''अरे, घोरत होतास.''

''ते गाढ झोपेत धरत नाहीत.''

आणि मग तो दिवसभर न झोपल्यासारखा वागतो. झोपेचे गुण सुधारण्याच्या काळजीनं झोप उडते, या दुखण्याला अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असं नावही देऊन टाकलं. नाव मिळालं म्हणजे आता त्यावरही काहीतरी रात्री लावायचं निघेल.

हसणंसुद्धा यातून वाचलेलं नाही. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतल्या एका बागेत चार-पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आमच्या बागेतही सकाळी सात वाजता हात वर करून ठरलेली मिनिटं हसतात. कोणी विनोद केलेला नसताना हसतात. विनोदी लिहिणाऱ्यांच्या पोटावर हा सरळ सरळ पाय आहे, पण आरोग्याचा प्रश्न असल्यामुळे तक्रार करता येत नाही.

एका रविवारी मी कागद घेऊन बेरीज मांडली. झोप आठ तास. ऑफिस आणि लोकल मिळून अकरा. दहा हजार पावलांना दीड तास. दोन जेवणं, एक तास पन्नास मिनिटं. तोंडात तेल घोळवायची वीस मिनिटं. तेवढा वेळ तोंड बंद राहतं, हा त्याचा घरातल्या सर्वांनी मान्य केलेला फायदा. ध्यान वीस मिनिटं. ऊन वीस. झोपायची तयारी पाऊण तास, सकाळी चेहरा वीस मिनिटं. एकूण चोवीस तास पंचवीस मिनिटं. यात स्वयंपाक, भांडी आणि भाजी निवडणं धरलेलं नाही. हे सगळं करणं म्हणजे 'स्वतःला वेळ देणं', असं माझी ऑफिसमधली मैत्रीण सांगते. दिला तर आहे. तो टोनरनं घेतला.

चूक एकट्यादुकट्याची नाही. प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या जागी बरोबर बोलतो आणि फक्त पंधरा मिनिटं मागतो. प्रत्येकाला माझ्या शरीराचा एकेक तुकडा नेमून दिलाय. माझा दिवस मात्र कोणाच्याच खात्यावर नाही. त्यामुळे यादीत रोज काहीतरी नवं येतं आणि जुनं एकही जात नाही. नोकरीत निदान अठ्ठावन्नाव्या नाहीतर साठाव्या वर्षी सुटका असते. इथे साठीनंतर पथ्यं वाढतात.

तेव्हा सर्व तज्ज्ञांना माझी हात जोडून विनंती आहे. एकदा एकत्र बसा. त्वचेचे, हाडांचे, दातांचे, केसांचे, झोपेचे, आणि बेंबीचं खातं जे कोणी सांभाळत असतील तेसुद्धा. दिवस चोवीस तासांचाच आहे आणि तो एकाच माणसाला काढायचा आहे, एवढं धरून सगळ्यांनी मिळून एकच यादी द्या. पुढे कधी त्यात नवीन घालायचं झालं तर आधी जुनं एक काढा. सभागृह मी ठरवते, सतरंज्याही मीच घालते. चहाबरोबर काय ठेवायचं, ते मात्र दीक्षित आणि दिवेकर यांनी आधी आपसांत मिटवून मला कळवावं.